लाल कव्हरच्या दोन फायली

१

भालखेडे ग्रामपंचायतीतून नऊ लाखांच्या कामाची फाईल गेली, हे दिपमाला बैसाणेला कळलं तेव्हा सकाळचे सव्वानऊ वाजले होते आणि तिला अजून चहासुद्धा मिळाला नव्हता.

खरं तर ती इतक्या लवकर तिथं असायलाच नको होती. लेखापरीक्षक कुठल्याही गावात अकराच्या आत पोचत नाही, हा सगळ्या तालुक्याचा अनुभव. पण जळगावच्या ऑफिसातली एक जीप गॅरेजात होती आणि दुसरी साहेबांच्या भाच्याला आणायला चाळीसगाव स्टेशनवर गेली होती. मग पिंप्राळ्यातल्या घरापासून रिक्षा, स्टँडवरून पहिली एसटी, एरंडोलला उतरून काळीपिवळी आणि फाट्यापासून दीड किलोमीटर पायी. सेहेचाळिसाव्या वर्षी, पाठीवर लॅपटॉप घेऊन. वाटेत तिनं सरकारी वाहनव्यवस्थेला मनातल्या मनात जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तिचं काम सांगायला सोपं होतं. वित्त आयोगाचा निधी दिल्लीहून निघतो आणि ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो. पाणी, गटारी, दिवे यासाठी. तो पाण्यावर, गटारींवर, दिव्यांवरच गेला का, एवढं बघायचं. सतरा वर्षं ती हे बघत होती आणि सतरा वर्षं लोक तिला पोहे दाखवत होते.

"भाऊसाहेब अकराले येतीन," शिपाई तोताराम म्हणाला. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. तोताराम साठीला आलेला, पेपर मोठ्यानं वाचत बसलेला. त्यानं खुर्ची पुसली, पंख्याचं बटण दाबलं आणि स्वतःच हसला. "लाइट आठ वाजताच गयी. आते चार वाजता येई."

"आणि इन्व्हर्टर?"

"बॅटरी गणपतीना मंडपमा नेली व्हती. परत उनी नही."

दिपमालानं एका जुन्या रजिस्टरनं वारा घ्यायला सुरुवात केली. "आबा, चावी तुमच्याकडं आहे ना? मग कपाट उघडा."

तोताराम घुटमळला, पण त्यानं उघडलं. कुलूप धड होतं. फायलींची यादी एका वहीत सुबक अक्षरात लिहिलेली होती: नंबर, काम, कव्हरचा रंग. यादीत बावीस फायली होत्या. कपाटात भरल्या वीस. नंबर चौदा नव्हती, जलशुद्धीकरण केंद्र, नऊ लाख. जी बघायला ती आली होती तीच. आणि नंबर नऊ नव्हती, कोंडवाडा दुरुस्ती.

चेकबुक जागेवर होतं. शिक्के जागेवर होते.

"आबा, भटक्या गुरांच्या कोंडवाड्याची फाईल कोण चोरेल?"

तोतारामनं गंभीरपणे विचार केला. "गुरं तं नही चोरतीन, म्याडम."

२

ग्रामसेवक समाधान निकम पावणेअकराला मोटरसायकलवरून आला. खांद्याला कापडी पिशवी, ओठांवर स्वागताचं हसू. उघडं कपाट दिसताच ते हसू जागच्या जागी वाळलं.

"कपाट उघडलं कोणी?"

"मी सांगितलं. चौदा नंबरची फाईल कुठाय?"

तो आधी कपाटाकडे धावला, मग तोतारामवर ओरडला, मग "चोरी झाली, चोरी!" म्हणाला, आणि मग एकदम शांत झाला. "हरकत नाही म्याडम. सगळं कॉम्प्युटरमध्ये स्कॅन करून ठेवलंय. दुसरी प्रत काढून देतो."

पिशवीसकट तो आतल्या खोलीत गेला. तिथं संगणक परिचालक शिल्पा नुकतीच येऊन बसली होती; फायलींची ती वही तिच्याच अक्षरातली. दहा मिनिटांत तो कोरी करकरीत फाईल घेऊन बाहेर आला. "घ्या. शिल्पानं आत्ताच प्रिंट मारून दिली."

शिल्पा दारात उभी होती. ती नखं बघत होती.

दिपमालानं फाईल घेतली आणि न उघडता मांडीवर ठेवली. "कपाटाच्या चाव्या किती?"

"तीन. माझ्याकडं एक, तोतारामकडं एक, सरपंचांकडं एक."

"मग सरपंचांना बोलवा."

पाच मिनिटांत पांढऱ्या कडक कपड्यातला एक गृहस्थ आला आणि सरपंचाच्या खुर्चीत बसला. रुपचंद पाटील.

"तुम्ही सरपंच?"

"म्हणजे, तसंच."

"तसंच म्हणजे कसं? बोर्डावर यशोदाबाईंचं नाव आहे."

"मिसेस आहे ती माझी. जागा लेडीज निघाली ना, म्हणून." रुपचंदनं टेबलावरचा कागद सरळ केला. "तिला काय समजतं? सही कर म्हटलं की करते. जे विचारायचं ते मला विचारा."

दिपमालानं कपाळ चोळलं. या जिल्ह्यात तिला असे किती 'तसंच' भेटले होते याची तिनं मोजदाद सोडून दिली होती. तिनं हट्टच धरला तेव्हा यशोदाबाई आली. पन्नाशीची, सडसडीत, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्याच ऑफिसात तिला बसायला खुर्ची नव्हती.

"अक्का, कपाटाची चावी कुठं असते?"

"घरी खिळ्यावर," रुपचंद म्हणाला.

"काल कोणी घेतली होती?"

"कोणीच नाही," रुपचंद म्हणाला.

"अक्का, तुम्ही फाईल पाहिली होती का कधी?"

"तिला वाचताच येत नाही, तर पाहून काय करणार?" रुपचंद हसला. यशोदाबाई हसली नाही. तिनं दिपमालाकडे एकदाच, नीट, बाजारात बैल पारखावा तसं पाहिलं आणि मान खाली घातली.

तेवढ्यात जळगावहून साहेबांचा फोन आला. "बैसाणे, काय चाललंय? ग्रामसेवकानं फोन केला होता. दुसरी प्रत मिळालीय ना? मग शेरा मारा आणि पुढच्या गावाला निघा."

"सर, मूळ फाईल चोरीला गेलीय."

"अहो, फाईलच गेलीय, माणूस नाही गेलेलं."

फोन बंद झाला. दिपमालानं आता मांडीवरची फाईल उघडली. सगळं होतं: अंदाजपत्रक, मोजमाप, फोटो, ठेकेदार छगन याचं बिल, सरपंचाची सही. एकही चूक नव्हती. एकही चूक नसलेली फाईल ती सतरा वर्षांत पहिल्यांदाच पाहत होती.

३

"प्लांट तर जागेवर आहे ना?" समाधान पुन्हा पुन्हा म्हणत होता. "डोळ्यांनी बघा."

प्लांट खरंच जागेवर होता. मारुती मंदिराशेजारी निळी पत्र्याची खोली, वर चकचकीत बोर्ड, वित्त आयोगाचं नाव, कामाची रक्कम, सरपंचाचं नाव, सगळं. लाइट जायच्या आधी गार करून ठेवलेलं पाणी समाधाननं तिला ग्लासभर दिलं. ती ते प्यायली. उत्तम पाणी होतं.

"कधी बसवला?"

"पाच महिने झाले."

ती खोलीच्या मागं गेली. तिथं मशीनचं वाया जाणारं खारं पाणी एका नळीतून दगडावर पडायचं. नळीच्या तोंडाला आणि दगडाला क्षाराचा पांढरा थर चढला होता. तिनं पेनानं टोचून पाहिलं. पेनाचं टोक वाकलं. थर दोन बोटं जाड होता. धुळ्यात तिच्या माहेरी बोअरचं पाणी याच्याइतकंच खारं. तिथल्या बादलीला वर्षात नखाएवढा थर चढतो. पाच महिन्यांत दोन बोटं?

"काय झालं म्याडम?"

"काही नाही. ऊन फार आहे." आणि ती उलट दिशेनं चालू लागली.

"तिकडं काही नाही म्याडम! नाल्यापलीकडं नुसती वस्ती आहे!"

"मग बघायला काय हरकत आहे?"

नाल्यावरच्या फरशी पुलापलीकडं पंचशील ध्वजाच्या बाजूला हातपंप होता. लिलाबाई नावाची एक म्हातारी पंप मारत होती. दहा वेळा मारला की एकदा पाणी यायचं. दिपमालानं ओंजळ धरली, घोट घेतला आणि थुंकला.

"हेच पेता?"

"मंग काय पेतीन? मंदिरजवळनं पानी आमले मिळस, पन तठलं बठ्ठं गाव भरी लेस तवय आमना नंबर लागस. तवलोंग मशीन बंद."

"आजी, ते मशीन कधी बसलं?"

लिलाबाईनं पंप सोडून कंबर धरली. "मन्हा नातू रांगत व्हता तवय. कोनी तरी शेटनी दिन्हं व्हतं, गावले दान. आते तो नातू शाळामा जास." मग आवाज खाली आणून म्हणाली, "यंदा आठे बी एक येनार व्हतं. मानसं उनात, माप लिन्हं, खुट्या ठोक्यात. मांगतून कोनी उनं नही."

बौद्धवाड्याच्या कडेला, बाभळीखाली, चार लाकडी खुंट्या अजून जमिनीत होत्या.

मागून धापा टाकत आलेला रुपचंद मोठ्यानं म्हणाला, "अफवा आहे म्याडम! इथं काही मंजूर नव्हतं. आहे का कागद कोणाकडं?"

कागद कोणाकडंच नव्हता. सरकारी पोर्टलवर फक्त 'जलशुद्धीकरण केंद्र, भालखेडे' एवढंच लिहिलेलं होतं. गावात नेमकं कुठं, हे एकाच ठिकाणी होतं आणि ते लाल कव्हर गायब होतं.

४

दुपारी दीड वाजता दिपमाला ऑफिसात एकटी बसली. सगळे जेवायला गेले होते. रुपचंदनं मटणाचा आग्रह केला होता. तिनं पिशवीतली पोळीभाजी काढली.

डोकं ठणकत होतं. लोकांच्या या खोट्यापेक्षा त्यातल्या आळशीपणाचा तिला जास्त राग आला होता. निदान खोटं तरी नीट बोला!

दुसरी प्रत आत्ता प्रिंट केली म्हणे. लाइट आठपासून नाही, इन्व्हर्टर नाही. मग प्रिंटर काय तोतारामच्या फुंकरीवर चालला? ती प्रत समाधानच्या पिशवीतूनच आली होती. म्हणजे चोरी उघड होण्याआधीच ती तयार होती. मूळ फाईल काढून ही तिच्या जागी ठेवायची, तेही आज सकाळी, लेखापरीक्षक अकराला यायच्या आत. साहेबांच्या भाच्यानं आणि बंद जीपनं तो बेत मोडला होता.

पण मग एक गोष्ट पक्की होती. मूळ फाईल समाधाननं नेली नव्हती. त्याच्या हातात ती असती तर त्यानं प्रत कालच कपाटात ठेवली असती आणि तो निवांत झोपला असता. रुपचंद त्याचा जोडीदार. त्यालाही हेच लागू.

राहिले तिघं. तोताराम, शिल्पा, यशोदाबाई.

आणि कोंडवाडा. सकाळपासून तो कोंडवाडा तिच्या डोक्यात हंबरत होता. चोरणाऱ्याला हवी होती चौदा नंबरची. कव्हरवर ठळक अक्षरात काम लिहिलेलं असतं. तरी त्यानं नऊ नंबरचीही का नेली? तिनं शिल्पाची वही पुन्हा उघडली आणि रंगांच्या रकान्यावरून बोट फिरवलं. पिवळा, पिवळा, हिरवा, पिवळा. लाल दोनच होत्या. नऊ आणि चौदा.

ज्याला फक्त रंग माहीत होता, त्यानं दोन्ही नेल्या. कारण त्याला वरचं नाव वाचता येत नव्हतं.

शिल्पानं तर ती वहीच लिहिली होती. तोताराम सकाळी पेपर वाचत होता.

दिपमाला उठली. आता यशोदाबाईला एकटीला कुठं गाठायचं? नवरा सावलीसारखा मागं. मग तिला सकाळपासूनच छळणारी दुसरी अडचण आठवली आणि ती आयुष्यात पहिल्यांदा त्या अडचणीवर खूश झाली. ग्रामपंचायतीच्या संडासात सिमेंटची पोती भरलेली होती.

जेवून परतलेल्या रुपचंदला ती म्हणाली, "भाऊ, मला बाथरूमला जायचंय. तुमच्या घरी जाते. अक्का दाखवतील."

रुपचंदनं तोंड उघडलं आणि मिटलं. या कामाला तो बरोबर येऊ शकत नव्हता.

घरी परसात यशोदाबाईनं बादली भरून दिली. दिपमाला बाहेर आली, हात धुतले आणि माहेरच्या बोलीत हळूच म्हणाली, "अक्का, लाल फाइली दोन व्हत्यात. तुमले एकच जोयजे व्हती ना?"

यशोदाबाईच्या हातातला तांब्या खाली पडला.

तो उचलायला ती वाकली नाही. "ऐतवारले भाऊसाहेब आन घरवाला, दोन्ही आठेच बठेल व्हतात," ती म्हणाली. "चहा मी दिन्हा. म्हने, लाल फाईल बदली टाकू, आन काही निंघनं तं सही बाईनी शे, बाई जाई जेलमा. मन्हा घरवाला हसना, ताई. मन्हासमोर हसना."

"मग?"

"मंग सोमवारे तोताराम आबा जेवाले गया तवय मी कपाट उघाडं. दखं तं लाल दोन. माले काय वाचता येस? दोन्ही लयी उनू."

"मग सकाळी मला का नाही सांगितलं?"

यशोदाबाईनं पदर मागं सारला. तिचे डोळे कोरडे होते आणि रागीट. "मांगला साले बी तुमना सायब उन्हा. मन्हा हातनं जेवना, सही करी, गया. माले कसं समजी, तू कोन शे?"

पोळीभाजीचा रिकामा डबा पिशवीतून काढून दाखवावा की काय, असं दिपमालाला क्षणभर वाटलं.

"अक्का, एक खरं सांगते. फाईल दिली तरी सही तुमचीच आहे. नोटीस तुम्हालाही येईल. मी ती थांबवू शकणार नाही. आणि घरात काय होईल ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. फाईल कुठं मिळाली ते मी आज लिहिणार नाही, हवं तर."

यशोदाबाईनं आता तांब्या उचलला. आत गेली आणि दादर ज्वारीच्या कोठीचं झाकण लावल्याचा आवाज आला. बाहेर आली ती रिकाम्या हातानं.

"तू जाय," ती म्हणाली.

५

चार वाजता लाइट आली. पंखा फिरला, प्रिंटरवर हिरवा दिवा लागला.

दिपमालानं सगळ्यांना बसवलं. हातात पुरावा नव्हता, पण खवळून उठायला दिवसभराचं सामान भरपूर होतं.

"शिल्पा, सकाळी प्रिंट तू काढलीस?"

शिल्पानं समाधानकडे पाहिलं, मग प्रिंटरकडे. "लाइट नव्हती म्याडम," एवढंच ती म्हणाली.

"निकम, आता प्रिंट कशी निघाली ते सांगा."

"म्हणजे, एरंडोलहून आणली होती. घाईत चुकून तसं बोललो."

"चोरी कळायच्या आधीच दुसरी प्रत आणली होतीत? तुम्हाला स्वप्न पडलं होतं?" तिचा आवाज चढला. "मंदिराजवळचा प्लांट पाच महिन्यांचा म्हणता. त्याच्या नळीवर दोन बोटं क्षार आहे. ते मशीन एका शेठनं चार-पाच वर्षांपूर्वी दान दिलेलं आहे. तुम्ही त्याला नवा रंग मारला, नवा बोर्ड लावला आणि नाल्यापलीकडच्या लोकांचं मशीन कागदावरच पिऊन टाकलंत."

"पुरावा काय?" रुपचंद उठून उभा राहिला. आता त्याचा आवाजही चढला होता. "म्हाताऱ्या बायांच्या गप्पांवर रिपोर्ट लिहिणार का? मूळ फाईल आणा, मग बोला! आणा!"

"आनी मी," दारातून आवाज आला.

यशोदाबाई उभी होती. पदर खांद्यावर, काखेत दोन लाल फायली, कव्हरांवर दादरचा भुसा. ती चालत टेबलापाशी आली. सरपंचाच्या खुर्चीसमोर नवऱ्याकडे पाहत थांबली, आणि तो बाजूला होईपर्यंत तशीच थांबली. मग बसली.

"यामातली एक गुरंस्नी शे," ती दिपमालाला म्हणाली. "ती परत ठी दे."

चौदा नंबर उघडली. पहिल्याच पानावर नकाशा होता: बौद्धवाडा, हातपंपापासून तीस फूट, बाभळीखाली. मोजमाप घ्यायला आलेल्या अभियंत्याची सही, तारीख, चार खुंट्यांच्या खुणा.

"बिल काढायला सरपंचाच्या डिजिटल सहीची डोंगल लागते," दिपमाला म्हणाली. "अक्का, तुमची डोंगल कुठाय?"

"ती काय ऱ्हास?"

तोताराम उठला, समाधानच्या टेबलाचा खण त्यानं ओढला आणि यशोदाबाईचं नाव चिकटवलेली पेनड्राइव्हसारखी एक वस्तू तिच्यापुढे आणून ठेवली. तिनं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. नऊ लाख याच बोटाएवढ्या वस्तूनं दिले होते, आणि तिनं ती आज पहिल्यांदा पाहिली होती.

समाधाननं पिशवी उचलली. "म्याडम, साहेबांशी एकदा बोलून घ्या ना."

"मीच बोलते," दिपमाला म्हणाली, आणि फोन स्पीकरवर ठेवून तिनं जळगावला लावला.

६

यानंतर सगळं झटपट झालं असं सांगायला आवडलं असतं. समाधान निलंबित झाला, एवढं मात्र महिनाभरात झालं. छगन ठेकेदारानं मशीन एरंडोलच्या गोदामात आहे म्हटलं, मग नाही म्हटलं, मग पैसे भरले. भरलेले पैसे कोणत्या शीर्षाखाली खर्च करायचे यावर चार टेबलांमध्ये सात महिने पत्रव्यवहार चालला. दिपमालानं स्वतः अकरा स्मरणपत्रं लिहिली. बाराव्याला तिनं सरकारी भाषा सोडली, तेव्हा मंजुरी आली.

यशोदाबाईला नोटीस आली. तीन सुनावण्यांना ती जळगावला एकटी एसटीनं आली. डोंगल कुठं सापडली, फाईल कोणी आणून दिली, हे दिपमालानं अहवालात ठळक लिहिलं होतं. तिसऱ्या सुनावणीत तिचं नाव वगळलं. रुपचंद मळ्यातल्या घरात राहायला गेला. तो कधी परत येणार, असं कोणी विचारलं की ती म्हणायची, माले काय म्हाईत.

प्लांट बाभळीखाली उभा राहिला त्या दिवशी दिपमाला पाहणीला आली. या वेळी जीप होती. उद्घाटन दहाला होतं. मंडप, फीत, खुर्च्या, हार तयार होते; प्रमुख पाहुणे नव्हते. अकरा वाजले. बारा वाजले. पाहुणे निघालेत, असा निरोप तीनदा आला. बाया रिकामे हंडे, कॅन घेऊन उन्हात उभ्या होत्या आणि फितीपलीकडं भरलेली टाकी होती.

पाऊण वाजता यशोदाबाई खुर्चीवरून उठली.

"अक्का, थांबा ना," नवा ग्रामसेवक कळवळला. "पाहुणे येऊ द्या!"

तिनं फीत कापली नाही. वर उचलली, खालून आत गेली आणि तोटी उघडली. लिलाबाईच्या कॅनमध्ये पाणी पडायला लागलं. बायांची रांग एकदम पुढं सरकली, फीत कुठं गेली ते कोणी पाहिलं नाही.

"म्याडम, आता रजिस्टरला काय लिहू?" ग्रामसेवकानं रडवेल्या आवाजात विचारलं. "उद्घाटन कोणाच्या हस्ते?"

दिपमाला बोलणार, तेवढ्यात नाल्याकडून हॉर्न वाजले. दोन पांढऱ्या गाड्या फरशीवर येऊन थांबल्या होत्या. बायांची रांग तिथपर्यंत पोचली होती आणि फरशी अरुंद होती. हॉर्न पुन्हा वाजला. एक माणूस काच खाली करून, "ओ बाई, सरका, साहेब आलेत," असं ओरडला.

लिलाबाई भरलेला कॅन उचलून त्याच्याच खिडकीपाशी आली होती. तिनं गाडीत डोकावून पाहिलं.

"लाइन शे आठे, भाऊ," ती म्हणाली. "मांगे उभा ऱ्हाय."